कोंडवाड्यातला गुरुवार

रतनबाई माहेरी गेली ती भांडून गेली नाही. भांडली असती तर बन्सीला बरं वाटलं असतं. भांडणाला उत्तर देता येतं, आणि उत्तरं देण्यात बन्सीचा हात धरील असा दुसरा दलाल घोडेगावच्या बैलबाजारात नव्हता. पण तिनं सकाळी भाकरी थापल्या, चूल सारवली, पिशवी उचलली आणि दारात उभी राहून म्हणाली, "मी पुणतांब्याला चालले, भावाकडं. महिनाभर दारूला शिवू नका. मंग येते."

"शिवनार न्हाई. तुझ्या गळ्याची आन."

"आन नको. तुमच्या तोंडचं मला काहीच नको. गावातली चार मानसं जवा मला सांगतील, का बन्सीनं महिनाभर घेतली न्हाई, तवाच येईन. न्हाई सांगितलं तर भाऊ हाय, भावाची म्हस हाय. माझं काय अडत न्हाई."

आणि गेली.

आता यात तिचं तरी काय चुकलं? वीस वर्षांत बन्सीनं ज्याच्यासमोर दारू सोडली नाही असा देव जिल्ह्यात उरला नव्हता. शिर्डीला जाऊन सोडली, ती एसटी गावात पोचायच्या आत पुन्हा धरली. खंडोबाचा बेलभंडारा उचलून सोडली, त्याच संध्याकाळी देवाचं झालं म्हणून दोन गिलास जास्त घेतली. लेक सासरी जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून सोडली, आणि वरात वेशीबाहेर जायच्या आत मांडवामागं जाऊन बसला. शिवाय धंदा दलालीचा. सगळे दात येऊन जुळलेला म्हातारा बैल चार दाती, तरणा म्हणून गळ्यात मारायचा, तर तोंड रोज धुऊन पुसून खोटं बोलायला तयार ठेवावं लागतं. अशा तोंडावर बायकोनं विश्वास ठेवावा ही अपेक्षा फक्त बन्सीच करू जाणे.

साल एकाहत्तर. दारूबंदीचा कायदा होता. कायदा असल्यामुळं दारू दुकानात मिळत नव्हती, ओढ्याकाठी गोजरबाईच्या छपरात मिळत होती. ज्याला राजरोस प्यायची असेल त्यानं डॉक्टरचा दाखला आणायचा, की ह्या गृहस्थांच्या प्रकृतीला दारू आवश्यक आहे. मग सरकार त्याला परमिट द्यायचं. म्हणजे प्यायची असेल तर फॉर्म होता, दाखला होता, शिक्का होता. सोडायची असेल तर काही म्हणजे काही नव्हतं.

नाही म्हणायला आषाढात एक प्रचारक येऊन गेले होते. खादीचे कपडे, हातात छडी. त्यांनी शाळेच्या भिंतीवर दारुड्याच्या काळजाचं रंगीत चित्र टांगलं आणि दोन तास त्यावर छडी आपटली. शेवटी बन्सी उठून म्हणाला होता, "सायेब, सोडायची हे कळलं. पन कशी?"

"निर्धारानं!" प्रचारक गरजले.

"निर्धार लई हाय, सायेब. रोज सकाळी असतो. सांजच्याला कुटं जातो तेवढं सांगा."

लोक हसले. प्रचारकांनी वहीत लिहून घेतलं की ग्रामस्थांमध्ये गांभीर्य नाही, आणि चहा मागवला.

रतनबाई गेल्यावर बन्सीला आठवण झाली ती भीमाची. भीमा हा त्याचा दहा वर्षांचा पिण्यातला जोडीदार. पण गेल्या चार-पाच महिन्यांत सौदा झाल्यावर मंडळी बसली की हा गडी गिलास पालथा घालून चहा मागवायचा. एकदा म्हणाला पित्त झालंय. एकदा म्हणाला गुडघा दुखतोय. गुडघ्याचा आणि दारूचा काय संबंध, हे बन्सीनं तेव्हा विचारलं नव्हतं. आता विचारायला गेला तर भीमा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत भलतंच बोलायला लागला. बन्सीनं ओळखायचं ते ओळखलं. ह्या गावात कुणी पिणं लपवत नाही. पिणाऱ्याला गाव हसतं आणि विसरतं. पण एखाद्यानं सोडली म्हटलं की सगळं गाव टपून बसतं, कधी परत पितोय म्हणून. भीमा न पिणं लपवत होता.

मग हा पत्ता विचारायचा कुणाला? बन्सी सरळ गोजरबाईकडे गेला. माणसाची दारू सुटली की पहिली खबर बायकोला लागत नाही, हातभट्टीवालीला लागते. सुटलेल्या माणसांचा गोजरबाईइतका पक्का तपास तालुक्यात कुणाकडे नव्हता.

"भीमा व्हय?" गोजरबाई पाण्याच्या पिंपात गिलास बुचकळत म्हणाली. "त्यो कोंडवाड्यात जातोय. दर गुरवारी, दिवे लागायच्या टायमाला. त्यो पंचायतीचा शिपाई न्हाई का रंगनाथ, मुंबईहून आलेला? त्यानं माझी पाच गिऱ्हाइकं खाल्ली, मुडदा बशीवला त्याचा! तिथं बसत्यात आनि बोलत्यात म्हनं. नुसतं बोलत्यात!"

"आनि सुटती?"

"तुला जायचंय का? जा बाबा जा. दोन गुरवार जाशील, तिसऱ्याला हितंच येशील. तुझा गिलास येगळा ठिवते."

नुसतं विचारून उठणं बरं दिसत नाही, म्हणून बन्सीनं एक गिलास घेतला, आणि दारू सोडायच्या बैठकीचा पत्ता घेऊन तो समाधानानं बाहेर पडला. त्या दिवशी गुरुवारच होता.

कोंडवाडा गावाच्या खालच्या अंगाला. चार दगडी भिंती, एक फाटक, आत कुणाच्या तरी उसात शिरलेली एक कालवड आणि शेणाचा वास. भिंतीलगत पोत्यावर सहा जण बसले होते. भीमा होता. शाळेचे गोरक्षनाथ गुरुजी होते. त्यांना पाहून बन्सी दचकलाच, कारण गुरुजी पितात हे गोजरबाई सोडली तर कुणालाच ठाऊक नव्हतं. आणखी तिघं शेजारच्या वाड्यांवरचे. आणि रंगनाथ, खाकी शर्ट, तोंडात दात मोजकेच. वीस वर्षं मुंबईच्या गोदीत होता, तिथं दारूनं पार धुऊन निघाला, आणि कुणा गोव्याच्या सोबत्यानं त्याला अशाच बैठकीत नेऊन बसवलं होतं. पिणाऱ्यांनीच पिणाऱ्यांना सांभाळायचं, एवढंच तिथलं शिक्षण.

"बस," रंगनाथ म्हणाला. "कोंडवाडा अशासाठी, का हितं कोन येत न्हाई. आनि कोन आलंच तर म्हनायचं जनावर सोडवायला आलो. हितं आन घ्यायची न्हाई, बेलभंडारा न्हाई. देवाला मधी घालायचा न्हाई, त्याला दुसरी कामं हायेत. आपलं नाव सांगायचं, शेवटची कवा घेतली ते सांगायचं. आनि हितलं बोलनं, हितली मानसं, फाटकाभाईर न्यायची न्हाईत. सांग."

"मी बन्सी. आठ दिस झाले."

रंगनाथनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. "बन्सी, ह्यो बाजार न्हाई. बाजारातला आकडा सांगू नको, घरातला सांग."

"चार दिस."

कालवड फुरफुरली.

"दोन... काल. काल सांजच्याला." मग बन्सी कालवडीकडं बघत म्हणाला, "आज सकाळी. पत्ता विचारायला गेल्तो, तवा."

आता हसतील, मग आपणही हसू आणि उठून जाऊ, असं त्यानं ठरवूनसुद्धा टाकलं. पण हसलं कुणीच नाही. रंगनाथ म्हणाला, "बरं. उद्या ह्या टायमापर्यंत घेऊ नको. परवाचं परवा बघू. हां गुरुजी, तुमी." बन्सीला थोडा रागच आला. आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं खरं बोललो, आणि ह्या लोकांना त्याचं काही कौतुकच नाही!

पण ते 'उद्या ह्या टायमापर्यंत' चाललं बुवा. पहिले पाच दिवस त्याचे हात असे कापत होते की पानाला चुना लावता येईना. घाम, उलट्या, रात्रभर तळमळ. संध्याकाळ झाली की पाय आपोआप ओढ्याकडं वळायचे, तेव्हा भीमा कुठूनतरी उगवायचा आणि अंगणात उभा राहून बैलांच्या खुरांबद्दल काहीबाही बोलत बसायचा, गोजरबाईचं छप्पर सामसूम होईपर्यंत. घरात चूल गार. बन्सी स्वतः भाकरी थापायचा, ती तव्यावर नकाशासारखी पसरायची, आणि ती मिठाबरोबर खाताना त्याला रतनबाईची आठवण यायची. तिच्या हातच्या भाकरीची नव्हे, तिचीच. वीस वर्षांत ती घरात होती तेव्हा तो शुद्धीत नसायचा, आणि आता तो शुद्धीत होता तर ती घरात नव्हती. ती परत यायला हवी होती. बन्सीला जगात दुसरं काही नको होतं.

दुसरा गुरुवार गेला, तिसरा गेला. "मी बन्सी. चौदा दिस." रंगनाथ म्हणाला, "बरं."

आणि इथं बन्सीनं माती खाल्ली. पंधराव्या दिवशी त्याच्या डोक्यात शिरलं की महिना तर निघेल, पण ती चार माणसं कोण? कोंडवाड्यातली माणसं फाटकाबाहेर तोंड उघडणार नाहीत. आणि रतनबाईला पटायला माणूस कसा वजनदार पाहिजे. म्हणून हा शहाणा उठला आणि थेट सोसायटीचे चेअरमन सूर्यभानराव यांच्या ओट्यावर जाऊन बसला आणि रतनबाईची अट सांगून मोकळा झाला.

सूर्यभानराव फार मोठं प्रस्थ. गावात पाळणा हलला तर सूर्यभानरावांच्या हस्ते, तिरडी उठली तर सूर्यभानरावांच्या उपस्थितीत. त्यांच्याकडे परमिटही होतं. नगरच्या एका डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की हे गृहस्थ दारूवाचून राहू शकत नाहीत, आणि ह्या एका बाबतीत डॉक्टरांचं निदान अगदी बिनचूक होतं.

"पंधरा दिवस? तू?" सूर्यभानराव झोपाळ्यावर उठून बसले. "कसं काय रे जमवलंस?"

आता इथं बन्सीनं तोंड आवरायचं. पण दलालाचं तोंड. कौतुकाचा एक शब्द पडला आणि ते सुटलं. कोंडवाडा, गुरुवार, रंगनाथ, सगळं सांगून बसला. भीमा सांगितला. गुरुजीसुद्धा सांगितले.

सूर्यभानरावांचे डोळे पाणावले. "अरे, गावात एवढं थोर कार्य चाललंय आणि आम्हाला पत्ता नाही! अध्यक्ष कोण आहे?"

"अध्यक्ष न्हाई."

"सेक्रेटरी?"

"न्हाई. नुसतंच बसतो."

"नुसतंच बसता? अध्यक्षाशिवाय?" सूर्यभानराव हळहळले. "छे छे छे. कार्य मरेल अशानं. तू काळजी करू नकोस. तुझ्या बायकोचंही माझ्याकडे लागलं. चार काय, सगळं गाव सांगेल तिला."

पुढच्या गुरुवारी दिवेलागणीला बन्सी कोंडवाड्याजवळ पोचला तर फाटकाला आंब्याचं तोरण. आत पेट्रोमॅक्स भणभणतोय. पोती गायब, त्या जागी शाळेचे बाक आणि बाकांवर निम्मं गाव. अजून कुणी सोडवून न नेलेली कालवड बाहेर काढून बाभळीला बांधलेली, आणि तिच्या जागेवर खुर्चीत सूर्यभानराव. बाजूला नगरहून आलेला एक वार्ताहर, गळ्यात कॅमेरा. रंगनाथ शिपाई असल्यामुळं त्याला चहाचे कप देण्याच्या कामाला लावलेलं. गुरुजी, भीमा आणि बाकीचे तिघं भिंतीला पाठ लावून उभे होते. कोंडलेलं जनावर फाटकाकडं बघतं, तसे ते फाटकाकडं बघत होते.

सूर्यभानरावांनी ठराव वाचला. व्यसनमुक्ती मंडळ स्थापन. अध्यक्ष, सूर्यभानराव. उपाध्यक्ष, त्यांचे मेहुणे. सेक्रेटरी, त्यांचा पुतण्या. मग त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "आता ज्या शूर पुरुषांनी दारूच्या राक्षसिणीला लोळवलं, त्यांची नावं मी वडिलांच्या नावासकट वाचून दाखवतो. उद्याच्या पेपरात ती छापून येतील. प्रथम, आपल्या शाळेचे आदरणीय शिक्षक, श्री. गोरक्षनाथ..."

गुरुजी गेले. नाव पुरं व्हायच्या आत ते फाटकाबाहेर होते. त्यांच्या मागं भीमा, त्याच्या मागं ते तिघं. वार्ताहरानं फोटो काढला तो पाठमोऱ्या माणसांचा. लोकांनी मात्र टाळ्या वाजवल्या. ठराव झाला होता, टाळ्या वाजवायच्याच होत्या.

फाटकात गुरुजी बन्सीच्या अगदी समोर आले. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. "बन्सी, माझी मुलं वर्गात मला काय म्हणतील रे आता?" एवढंच ते म्हणाले, आणि धोतराचा सोगा सावरत अंधाऱ्या बोळानं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बन्सी रंगनाथच्या दारात जाऊन उभा राहिला. "मंग आता बैठक कुटं?"

"बैठक हाय," रंगनाथ म्हणाला. "कुटं हाय ते सांगनार न्हाई. तुला एकच गोष्ट पाळायला सांगितली हुती, बन्सी. दारू सोड असंसुदिक म्हनलं नव्हतं मी तुला. फक्त फाटकाभाईर बोलू नको म्हनलं हुतं."

बाजारात बत्तीस वाटा काढणारा माणूस, त्याला एक वाट सुचेना. तो शनिवारी भीमाच्या वस्तीवर गेला. भीमाची बायको म्हणाली घरी न्हाईत, आणि भीमाच्या चपला दारातच होत्या. रविवारी गुरुजींच्या घरावरून तीनदा गेला. सोमवारी विहिरीकडची झाडी पाहिली, मठ पाहिला, शाळेचं मागचं अंगण पाहिलं, कापसाचं पडकं जीन पाहिलं. माणसं एका जागी जमताना दिसली की हा धावत जायचा, तर ते पत्ते खेळणारे निघायचे. बरं, विचारायचं तरी कुणाला? गोजरबाईला. मंगळवारी तिन्हीसांजेला तो गोजरबाईच्या छपरात शिरला.

"बैठक कुटं बसती आता?"

"मला ठावं न्हाई," गोजरबाई म्हणाली, आणि ते खरंच होतं. "पन तुझा गिलास हाय ना."

गिलास होता. धुऊन ठेवलेला.

ते सव्वीस दिवस पंधरा मिनिटांत संपले. बन्सी घरी आला, गार चुलीपुढं बसला आणि रडला. नशेतलं रडणं खोटं असतं असं रतनबाई म्हणायची. हे खोटं नव्हतं, पण सांगायला ती कुठं होती?

इकडं मंडळाचं कार्य मात्र जोरात. तिसाव्या दिवशी, शनिवारी, चावडीपुढं मांडव पडला. 'बन्सी यांचा जाहीर सत्कार'. बन्सीनं सूर्यभानरावांना गाठून हळूच सांगायचा प्रयत्न केला, "चेअरमनसाहेब, मंगळवारी जरा..." तर त्यांनी त्याचा हात दाबला. "अरे, एका दिवसानं काय होतंय! मंडळाचा हा पहिलाच कार्यक्रम आहे. आमदार येतील असं वाटतंय. आणि बघ तरी, कुणाला आणलंय."

कुणाची तरी जीप मागून पुणतांब्याहून रतनबाईला आणलं होतं. ती स्टेजवर खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर नारळ आणि खण, पायाशी तीच पिशवी. पिशवी भरलेली होती. म्हणजे ती राहायला आली होती.

आमदार आले नाहीत. मग साक्षी सुरू झाल्या. सूर्यभानराव माइकवर म्हणाले, "माउलींची अट होती की चार माणसांनी सांगावं. पहिला मी सांगतो. बन्सीनं महिनाभर थेंबाला स्पर्श केलेला नाही." टाळ्या. मेहुण्यांनी सांगितलं. पुतण्यानं सांगितलं. चौथी साक्ष कुणाची म्हणून सगळे बघायला लागले, तर पहिल्या रांगेतून गोजरबाई उठली. नवं लुगडं, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. मंडळाच्या चहाचं दूध तिच्याच घरून आलं होतं, आणि पाहुणे म्हणून आलेले फौजदारसाहेब नेमके त्याच वेळी खाली वाकून आपली चप्पल शोधत होते.

"माज्या दारात पाऊल ठिवलं न्हाई त्यानं," गोजरबाई माइकवर खणखणीत बोलली. "मी नसते का वळखलं?"

हे तर सगळ्यांनाच पटलं. तिच्याहून भारी साक्ष कुठली आणायची? मांडव टाळ्यांनी दणाणला. रतनबाईनं पहिल्यांदा मान वर केली. बन्सीकडं बघितलं, आणि तिच्या तोंडावर थोडंसं, अगदी थोडंसं हसू आलं. ते हसू बन्सीनं लग्नाच्या वेळी पाहिलं असेल, नंतर नाही.

"आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील," सूर्यभानराव म्हणाले.

बन्सी माइकपुढं उभा राहिला. काही बोलायचं नव्हतं. हात जोडायचे, मंडळाचा आभारी आहे म्हणायचं, बायकोची पिशवी उचलायची आणि घरी जायचं. संध्याकाळी चूल पेटली असती. चार माणसांनी सांगितलं होतं, अट पुरी झाली होती, जगात एकाही माणसानं त्याला खोटं पाडलं नसतं. मांडवाच्या टोकाला रंगनाथ चहाचे कप गोळा करत होता. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

"मी बन्सी," बन्सी म्हणाला. माइक किंचाळला. "मी मंगळवारी प्यालो."

सूर्यभानराव पुढं झाले आणि हसत म्हणाले, "सत्कारमूर्तींचा विनय बघा!" दोन-चार टाळ्या पडल्या.

"इनय न्हाई," बन्सी म्हणाला. "प्यालो. हिच्याच घरी." त्यानं गोजरबाईकडं बोट केलं. गोजरबाईनं तोंडाला पदर लावला. फौजदारसाहेबांना अजून चप्पल सापडली नव्हती.

सूर्यभानरावांनी माइक ओढून घेतला, पण रतनबाई उभी राहिली होती. तिला माइक लागत नव्हता.

"कवा म्हनला?"

"मंगळवारी. तिन्हीसांजंला."

"किती?"

"दोन गिलास." बन्सी थांबला. "चार."

"का?"

"मानसं सापडंनात. ज्यांच्यासंगं बसत हुतो ती. माझ्याच तोंडानं घालवली मी त्यांना."

रतनबाईनं मांडीवरचा नारळ आणि खण खुर्चीवर ठेवला. मग तिनं त्या चौघांकडं एकेक करून पाहिलं. सूर्यभानराव, मेहुणे, पुतण्या, गोजरबाई. बाजारात बैल नापसंत झाला की गिऱ्हाईक काही बोलत नाही, नुसतं पुढं जातं, तशी ती त्यांच्यावरून पुढं गेली. पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरायला लागली.

बन्सी हार गळ्यात तसाच ठेवून तिच्या मागं धावला. मांडवाच्या टोकाला कपांचं ताट घेऊन उभा असलेला रंगनाथ वाट सोडायला बाजूला झाला, आणि ओठ न हलवता म्हणाला, "गुरवारी. भीमाच्या मळ्यात, इंजिनाच्या खोपीत. तोंड मिटून यायचं."

मागं सूर्यभानराव आभारप्रदर्शन करत होते. कार्यक्रम यशस्वी झाल्याबद्दल त्यांनी सर्वांचे आभार मानले, लाउडस्पीकरवाल्याचेसुद्धा.

एसटीच्या थांब्यावर लिंबाच्या सावलीत रतनबाई उभी राहिली. बन्सी तिच्यापासून दोन हात लांब. रस्त्यानं जाणारे हाराकडं बघायचे आणि मग तिच्याकडं. लांबून गाडीचा आवाज आला तेव्हा बन्सीचा धीर सुटला.

"रतने, चाललीस व्हय?"

"मंग? मंगळवारपास्नं चार दिस झाले. सव्वीस राहिले."

"सव्वीस," बन्सी म्हणाला. "मंग सव्वीस दिसांनी... पन सांगायला चार मानसं आता कुटली आनू मी? ह्या गावात कोन उरलंय, ज्याचं तू ऐकशील?"

गाडी थांबली. धुळीनं दोघांचे डोळे भरले. रतनबाईनं पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली आणि मागं वळून त्याच्याकडं पाहिलं.

"मानसं नकोत," ती म्हणाली. "तुमीच या सांगायला. घेतली असली तरी या, न्हाई घेतली तरी या. तुमी सांगाल ते मी ऐकंन."

कंडक्टरनं दार ओढलं, घंटा वाजवली, आणि गाडी पुणतांब्याकडं निघून गेली.